नाताळला जाण्याचा खर्च

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी उभी रेघ ओढली, डावीकडे बाबी लिहिल्या, उजवीकडे आकडे मांडले आणि खाली बेरीज केली. ती चुकली असावी असे वाटून पुन्हा केली. मग पत्नीकडून करवून घेतली, कारण हिशेबाच्या बाबतीत आमच्या घरी तिचा शब्द शेवटचा असतो. तिन्ही वेळा उत्तर एकच आले : २,१८,००० रुपये. भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, सेवानिवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने ब्राझीलमधील नाताळ या शहरी पाच दिवस राहून परत येण्याचा हा खर्च. ही गोष्ट आपल्याला शक्य नाही हे एकदाचे सिद्ध होऊन जावे, एवढ्यासाठीच खरे तर मी हिशेब मांडला होता.

"इतकाच?" पत्नीने चष्मा कपाळावर सारत विचारले. "अजी, आपल्या कंपाउंडच्या भिंतीले याच्याहून जास्त लागले होते."

ते खरे होते. २०१९ साली भिंतीला २,४०,००० लागले होते, आणि ती बांधताना 'परवडते का' हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

नाताळच का, हे आधी सांगायला हवे. आमच्या लहानपणी शाळेला 'नाताळची सुट्टी' लागत असे. गावात ख्रिस्ती घर एकही नव्हते आणि चर्च आम्ही फक्त चित्रात पाहिले होते. त्यामुळे ती सुट्टी नेमकी कशाची हे कोणालाच ठाऊक नसे. गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, "नाताळ म्हणजे मोठा दिवस. इंग्रज गेले, सुट्टी राह्यली." पुढे माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितले की नाताळ हे गांधीजींचे गाव. त्यांच्या मनात आफ्रिकेतले नाताळ होते : गांधीजी १८९३ साली जिथे उतरले आणि १८९४ मध्ये जिथे त्यांनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली ते. सण आणि मुलूख यांचे एक नाव कसे, हे कोडे मी बरीच वर्षे बाळगून होतो. उत्तर सापडले तेव्हा नकाशात एक तिसरेही नाताळ निघाले. वास्को द गामाला १४९७ च्या ख्रिस्तजन्माच्या सुमारास आफ्रिकेचा किनारा दिसला म्हणून त्याने त्याला नाताळ म्हटले, आणि पोर्तुगिजांनी २५ डिसेंबर १५९९ रोजी ब्राझीलच्या ईशान्य कोपऱ्यावर पोतेंगी नदीच्या मुखाशी एक गाव वसवले म्हणून तेही नाताळ. आमच्या शाळेच्या सुट्टीचा शब्द एका शहराच्या वेशीवर लिहिलेला आहे, ही कल्पना मला तेव्हापासून सोडत नाही. एखाद्या गावाचे नाव 'दिवाळी' असावे आणि आपण तिथे कधीच जाऊ नये, असे काहीसे.

पुढे मराठीतील पोर्तुगीज शब्द हाच माझ्या अभ्यासाचा विषय झाला. यात माझे कर्तृत्व काही नाही. गोव्यातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो (१८५५-१९२२) यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावावर १९१३ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा सुआरिस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३६ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. तो मला विद्यार्थिदशेत नागपूरच्या एका ग्रंथालयात मिळाला आणि मी त्याच्या मागे लागलो. घमेले, बादली, चावी, पगार, लिलाव हे शब्द तिकडचे, हे आता वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही छापून येते. मला ओढ वाटली ती मात्र दोन-तीन वेगळ्या शब्दांची. 'पगार' लिस्बनहून आला असे म्हणता येते. 'काजू' लिस्बनचा नव्हे. तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांचा 'अकाजू'. त्यांच्याकडून तो पोर्तुगिजांनी घेतला, जहाजावर चढवला, फळासकट गोव्यात उतरवला आणि तिथून तो मराठीत शिरला. अननसाचेही तसेच. तुपी भाषेतला शब्द माझ्या आईच्या तोंडी होता, आणि तिला आमच्या तालुक्याबाहेर रामटेक व अंभोरा एवढेच ठाऊक होते. काजू मात्र आमच्या घरात शब्दापुरताच असे. तो दिवाळीला शिऱ्यावर दोन-चार पाकळ्यांत दिसे आणि मोजून दिला जाई. परवडत नसे.

नाताळ शहरापासून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने गेले की पिरांजी नावाचे गाव लागते. तिथे जगातील सर्वांत विस्तीर्ण म्हणून गणले जाणारे काजूचे झाड आहे. १९९४ साली गिनेसच्या नोंदीत त्याचा समावेश झाला. त्याने व्यापलेली जागा सुमारे ८,५०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत दोन एकरांहून थोडी अधिक. त्याच्या फांद्या स्वतःच्या वजनाने जमिनीला टेकतात, टेकतील तिथे मुळे धरतात आणि पुन्हा वर उठून पुढे सरकतात. आपल्या वडासारखे पारंब्या सोडण्याचे चातुर्य त्याच्याकडे नाही. ते नुसते वाकते आणि रुजते. धानाच्या दोन एकर बांधीएवढे एकच झाड कसे दिसत असेल, याचा विचार मी कितीतरी कंटाळवाण्या सभांमधून केला आहे.

आता त्या हिशेबाकडे. तो मी एकट्याने केलेला नाही. माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात तिकिटांचे काम करतो. त्याला फोन केला तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "सर, खरंच विचारून राह्यले का?" मी खरेच विचारतो आहे हे पटल्यावर त्याने दोन दिवस घेतले आणि एक मार्ग काढून दिला. भंडारा रोड स्थानकावरून, म्हणजे वरठीहून, विदर्भ एक्सप्रेसने मुंबई. तिथून अदिस अबाबामार्गे साओ पावलो. आणि साओ पावलोहून देशांतर्गत विमानाने नाताळ. यातली गंमत नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. दक्षिण अमेरिका आफ्रिकेच्या सर्वांत जवळ येते ती नाताळच्याच परिसरात; दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपला मोठा विमानतळ तिथे उभारला तो याच कारणाने. पण स्वस्तात जाणाऱ्या माणसाने आफ्रिका ओलांडायची, सारा अटलांटिक तिरका कापून दक्षिणेला साओ पावलो गाठायचे आणि मग पुन्हा दोन हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेला यायचे. वरठीच्या माणसाला गोंदियाला जाण्यासाठी आधी हैदराबादला पाठवावे तसे. मी भाबडेपणाने विचारले, "साओ पावलोहून रेल्वेने?" ब्राझीलमधील लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या बहुतेक केव्हाच बंद पडल्या, हे तेव्हा समजले. बस आहे, पण ती दोन दिवसांहून अधिक घेते. आणि पाच दिवसांच्या मुक्कामातले चार दिवस बसमध्ये घालवणे हे मीसुद्धा काटकसर म्हणून खपवू शकलो नाही.

बाबी अशा. मुंबई ते साओ पावलो जाऊन-येऊन १,२०,०००. तिथून नाताळ जाऊन-येऊन २२,०००. सहा रात्रींचा मुक्काम १६,०००. तिथे 'पोझादा' नावाच्या घरगुती खाणावळवजा निवासांची चांगली सोय आहे. जेवण ९,०००, तिथला एक रेआल पंधरा ते सतरा रुपयांना पडतो असे धरून. बस, टॅक्सी आणि काजूच्या झाडाचे तिकीट मिळून ८,०००. व्हिसा, विमा, लस १६,०००. नागपूर आणि मुंबईचे हेलपाटे ७,०००. आणि अडीअडचणीला २०,०००, जे पत्नीने स्वतःच्या हाताने वाढवले. लसीबद्दल येथे सांगून ठेवतो, कारण कोणी खरेच निघाले तर उपयोगी पडेल : पीतज्वराची ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठराविक केंद्रांतच मिळते आणि तिचा दाखला आता आयुष्यभर चालतो. ब्राझीलपेक्षा आपल्या देशाला त्याची अधिक काळजी. दाखला नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर आपल्याला बाजूला बसवून ठेवतात.

हंगामाचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. मला सुट्टी मेच्या उत्तरार्धात. नाताळमध्ये एप्रिल ते जुलै पावसाचे दिवस, म्हणून पर्यटक कमी आणि निवास स्वस्त. विद्यार्थी काळजीने म्हणाला, "सर, पण पाऊस असेल तिथं." मेच्या शेवटच्या आठवड्यात भंडारा जिल्ह्यात राहिलेल्या माणसाला पावसाची भीती घालण्यासारखे दुसरे काय हास्यास्पद असेल? पारा ४५ वर गेलेला असताना कोणी मला पाच दिवस नुसते खिडकीशी बसून पाऊस पाहू दिला तरी माझे पैसे फिटले.

असो. हिशेब इथे संपतो, आणि मला जे लिहायचे आहे ते इथून सुरू होते.

'परवडणे' हे क्रियापद मी आयुष्यात किती वेळा वापरले असेल याची गणती नाही. मराठी कोशात त्याच्या शेजारीच 'परवड' हे नाम बसलेले असते, दुर्दशा या अर्थाचे. आणि आमच्या वर्गातल्या घरांमध्ये या दोन शब्दांतले अंतर खरोखरच तेवढे कमी होते. वडील प्राथमिक शिक्षक. पचमढीला जायचे ठरले की 'यंदा परवडत नाही', आणि ते दर वर्षी खरे असे. मी तो वाक्प्रयोग घराच्या दागिन्यासारखा वारशाने घेतला. फरक इतकाच की वडिलांना खरोखर परवडत नव्हते.

२००८ साली परदेशातील एका विद्यापीठात आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर चर्चासत्र होते. माझा एक लेख कोणीतरी तिथे पोचवला आणि मला निमंत्रण आले. निम्मा प्रवासखर्च ते देणार होते. मी दोन दिवसांत उत्तर लिहिले, अतिशय सभ्य, की आर्थिक अडचणीमुळे येणे शक्य नाही. सहकाऱ्यांना तेच सांगितले. त्यांनी हळहळ व्यक्त केली, शासनाला आणि अनुदान-व्यवस्थेला दोन शब्द सुनावले, आणि मी ते ऐकून घेतले. सहावा वेतन आयोग लागू होण्याच्या बेतात होता. उरलेला निम्मा खर्च मी करू शकलो असतो. खरे कारण असे की माझे इंग्रजी वाचण्याचे आहे, बोलण्याचे नाही. सभागृहात कोणी प्रश्न विचारला आणि मला तो समजलाच नाही तर, या एका दृश्याने मी दोन रात्री जागा होतो. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही, पण ती बेरीज पाहून तिने जो पुढचा प्रश्न विचारला त्यावरून तिला ते ठाऊक असावे. "मंग आता काहून नाही जात?" एवढेच ती म्हणाली. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. पैसा हे उत्तर तिने नुकतेच तिसऱ्यांदा तपासून मोडीत काढले होते.

साहित्याच्या माणसाची अडचण अशी की त्याच्या भीतीला संदर्भग्रंथ मिळतात. मी इतकी वर्षे घरी बसलो तो उघडा-बोडका नव्हे. चांगल्या ग्रंथांचे पांघरूण घेऊन बसलो. त्यातली दोन-तीन पांघरुणे इथे उलगडून दाखवतो.

पहिले एलिझाबेथ बिशप या अमेरिकन कवयित्रीचे. एम. ए. च्या वर्गाला प्रवास आणि साहित्य हा विषय शिकवताना तिच्या 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल' या कवितेकडे मी न चुकता येत असे. परक्या मुलखात जाऊन तिथले देखावे डोळ्यांत भरून घेण्याची ही हौस कशासाठी, घरीच राहून त्या जागेची कल्पना केली असती तर काय बिघडले असते, अशा शंका ती कविता उपस्थित करते. मी ती शिकवताना माझा आवाज किंचित चढत असे. बघा, ज्यांनी जग पाहिले त्यांनाही शेवटी हाच प्रश्न पडतो! मुले मान डोलवत. त्यांच्यापैकी अनेकांनी तेव्हा मुंबई पाहिलेली नसे.

मी त्यांना जे सांगत नसे ते आता सांगतो. बिशप १९५१ च्या नोव्हेंबरात मालवाहू जहाजाने ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरली. जवळ ब्रिन मॉर कॉलेजची २,५०० डॉलरची प्रवासवृत्ती. बेत दक्षिण अमेरिकेला फेरी मारण्याचा; ब्राझीलमध्ये मुक्काम दोन आठवड्यांचा. म्हणजे ती शब्दशः लहानशा, परवडणाऱ्या भेटीलाच आली होती. तिथे तिने काजूचे फळ, आपण ज्याला बोंड म्हणतो ते, खाल्ले आणि तिला इतकी तीव्र ॲलर्जी झाली की चेहरा सुजला, अंथरूण धरावे लागले. ज्या लोता दे मासेदो सुआरिसने तिची शुश्रूषा केली तिच्याबरोबरच ती पुढे राहिली. दोन आठवड्यांची सुमारे पंधरा वर्षे झाली. तो प्रश्न विचारणारा संग्रह १९६५ चा. म्हणजे घरी राहिलो असतो तर काय बिघडले असते, हे तिने चौदा वर्षे तिथे काढल्यानंतर संग्रहात छापले. तिच्या तोंडी तो प्रश्न कमावलेला आहे. माझ्या तोंडी तो चोरीचा माल होता. प्रवासाच्या निरर्थकतेविषयी शंका घेण्याचा अधिकार तिकीट काढलेल्या माणसाचा असतो, हे प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार तीस वर्षे शिकवूनही मी एकदाही वर्गात म्हटले नाही.

दुसरे पांघरूण अधिक उबदार होते, कारण ते खुद्द नाताळचेच. लुईस द कामारा कास्कुदो (१८९८-१९८६) हा ब्राझीलचा सर्वांत मोठा लोकसाहित्यसंग्राहक नाताळमध्ये जन्मला, नाताळमध्ये जगला आणि नाताळमध्येच वारला. १९५४ साली त्याने ब्राझिलियन लोकविद्येचा कोश सिद्ध केला. झोपण्याच्या झुल्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. माणसे बोलताना करतात त्या हातवाऱ्यांचा इतिहास लिहिला. रिओ आणि साओ पावलो ही सत्तेची आणि कीर्तीची शहरे सोडून तो आपल्या कोपऱ्यात राहिला. 'असाध्य प्रांतीय' हे विशेषण त्याला चिकटले आणि त्याने ते आनंदाने मिरवले. त्याचे राहते घर आज संग्रहालय आहे. काजूच्या झाडाखालोखाल मला पाहायचे आहे ते हे घर.

या माणसाविषयी प्रथम वाचले तेव्हा मला सख्खा नातेवाईक भेटल्याचा आनंद झाला. आमच्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी जे केले ते माझ्या डोळ्यांसमोर होते. दंडार, खडीगंमत, मंडईच्या रात्री यांकडे पुण्या-मुंबईच्या समीक्षेने कधी ढुंकून पाहिले नव्हते. तिकडच्या कास्कुदोने बैल मरतो आणि पुन्हा उठतो अशा लोकनाट्याची, मासेमारांच्या गाण्यांची नोंद तशाच एकाकीपणे केली होती. आणि मी स्वतः तर अंभोऱ्याच्या संगमापासून एका तासावर राहणारा. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने ज्या स्थळाशी जोडला जातो, त्या मराठीच्या उगमाशी बसलेल्या माणसाने आणखी कुठे जायचे? 'मीही असाध्य प्रांतीय' असे मी एका भाषणात म्हणालोही. टाळ्या पडल्या.

हिशेब मांडल्यानंतरच्या आठवड्यात मी कास्कुदोविषयीची टिपणे पुन्हा काढली, या वेळी जरा शत्रुत्वाने. त्यात एक ओळ माझ्याच अक्षरात होती आणि मी ती कधी वापरली नव्हती. १९६३ साली कास्कुदो आफ्रिकेला गेला. ब्राझीलच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहायचा होता आणि ताटातले निम्मे पदार्थ ज्या किनाऱ्यावरून आले तो किनारा पाहिल्याशिवाय लिहिणे त्याला बरे वाटेना. तेव्हा त्याचे वय ६४ होते. मी आज ५८ चा आहे. प्रांतीय असणे ही त्याची निवड होती. त्याच्या घराला दार होते आणि ते उघडत असे.

कास्कुदोकडे १९२८ च्या डिसेंबरात साओ पावलोचा मारियो द आंद्राद पाहुणा म्हणून उतरला होता. 'माकुनाईमा' ही कादंबरी त्याच वर्षीची. लोकगीते गोळा करायला तो ईशान्येत आला आणि मित्राच्या घरी राहिला. स्वस्त प्रवासाची याहून जुनी युक्ती नाही. त्याच्या प्रवासांच्या दैनंदिन्या पुढे १९७६ साली ज्या नावाने पुस्तकरूप झाल्या, त्याचा अर्थ मराठीत 'उमेदवार पर्यटक' असा करता येईल. जसा उमेदवार कंपाउंडर, उमेदवार शिक्षक. आपण प्रवासासाठी घडलेलोच नाही, असे हा गृहस्थ दैनंदिनीच्या आरंभीच कबूल करतो. तो युरोपला कधीच गेला नाही. पण घाबरत, चिडत, पोट बिघडवून घेत का होईना, तो निघाला. निघण्यासाठी निर्भय असावे लागते अशी माझी समजूत होती. ती कुठून आली कोण जाणे. प्रवासवर्णनांतूनच आली असावी, कारण आपल्याकडची प्रवासवर्णने बहुधा आत्मविश्वासाने ओथंबलेल्या माणसांनी लिहिलेली असतात.

इथे माझ्याच या लेखाविषयी एक शंका नोंदवली पाहिजे. काजू, कास्कुदो, दंडार, नाताळची सुट्टी... ही साम्यस्थळे मी किती हौसेने जमवली आहेत! त्या प्रांताच्या लोकांना 'पोतिग्वार' म्हणतात आणि तुपी भाषेत त्याचा अर्थ झिंगे खाणारे, हे वाचल्यावर वैनगंगेच्या काठचा मी दिवसभर खूश होतो. पण साम्यस्थळे जमवणे हाही न जाण्याचाच एक प्रकार आहे. सगळे आपल्यासारखेच असेल तर जायचे कशाला? आणि मला जे भय आहे ते तर नेमके जे माझ्यासारखे नाही त्याचे. साओ पावलोच्या विमानतळावर मला पुढचे दार सापडणार नाही याचे. पोर्तुगीज शब्दांची मी एवढी कुंडली मांडतो, पण कोणी मला पोर्तुगीजमध्ये 'पाणी हवे का' विचारले तर ते मला कळणार नाही याचे. पाच दिवस मी तिथे कोणाचाच 'सर' नसेन याचे. या शेवटच्या भयाविषयी मी मुद्दाम थोडा वेळ विचार केला. तीस वर्षे 'सर' म्हणवून घेतल्यावर माणूस त्या एका अक्षराच्या आत राहू लागतो. बाहेर पाऊस पडत असेल तर त्याला कळत नाही.

पत्नीची शंका वेगळी होती. तिचे सोमवार आणि एकादश्या कडक असतात. एका संध्याकाळी तिने विचारले, "तिकडे एकादशी आली मध्येच, तं साबुदाणा भेटंल का?"

मी म्हणालो, "तिकडलाच आहे तो." आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मूळ तिकडचा, 'टॅपिओका' हा शब्दही तुपी. नाताळच्या रस्त्यांवर त्याच पिठाची पोळी तव्यावर घालून आत ओले खोबरे भरून देतात.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे उपास आपला, अन् कंद त्याहिचा." या वाक्यावर मी एक शोधनिबंध लिहू शकलो असतो. मी तो लिहिला नाही, हीच काय ती माझी प्रगती.

जानेवारीत नागपूरला जाऊन पासपोर्टचा अर्ज दिला. शुल्क दीड हजार. ते मी हिशेबात धरायला विसरलो होतो. 'अडीअडचण' या बाबीतून वजा केले. फेब्रुवारीत चौकशीसाठी ठाण्यातून हवालदार घरी आले. योगायोगाने त्यांचा मुलगा माझ्याकडे शिकून गेलेला. त्यामुळे चहा झाला, मुलाची नोकरी झाली, धानाच्या बोनसची चर्चा झाली. मग कागद पुढे ओढत त्यांनी विचारले, "सर, जाता कोठी?"

"नाताळला."

त्यांनी पेन थांबवले. "नाताळ तं डिसेंबरात असते न जी. अन् तुम्ही मे महिन्यात जाऊन राह्यले."

मी सांगायला सुरुवात केली : ख्रिस्तजन्म, वास्को द गामा, १५९९. अर्ध्यावर माझ्या लक्षात आले की ते ऐकत नाहीत. त्यांचे लक्ष दुसऱ्या कागदाकडे होते. "हा अर्ज बाईंचा आहे का? यांची सही घ्यायची राह्यली."

पत्नी पदराला हात पुसत आतून आली आणि तिने सही केली. मला त्या अर्जाविषयी नागपूरलाच कळले होते. माझ्याच रांगेत ती माझ्यामागे उभी होती, स्वतःची फाईल घेऊन. हिशेब अर्थातच नव्याने करावा लागला. विमानाचे भाडे दुप्पट होते, व्हिसा दुप्पट होतो, लस दुप्पट होते. पण खोलीचे भाडे दुप्पट होत नाही, असे तिने वहीच्या त्याच पानावर, माझ्या बेरजेखाली, आधीच लिहून ठेवले होते.